आपल्या वर्गाची भाषा कोणती?

मित्रांनो, प्रश्न सोपा वाटतो ना? प्रॉस्पेक्टस उघडा, उत्तर छापलेलंच आहे. अध्यापनाचे माध्यम : इंग्रजी. युनिव्हर्सिटीचा पेपर इंग्रजीत, जर्नल इंग्रजीत, कॅम्पसचा इंटरव्ह्यू इंग्रजीत. मग वाद कसला?

आता एक करा. कुठल्याही लेक्चरला शेवटून दुसऱ्या बाकावर बसा (तिथे जागा मिळाली तर!) आणि दहा मिनिटं विषयाकडे नाही, फक्त भाषेकडे लक्ष द्या. साधारण असं काहीतरी ऐकू येईल : "हे बघा, मोटरवर लोड वाढला की स्पीड थोडा ड्रॉप होतो, म्हणून बॅक ईएमएफ कमी होतो आणि मग करंट जास्त ओढला जातो. समझे क्या?"

हे वाक्य इंग्रजी आहे का? नाही. मराठी? शाळेतल्या मराठीच्या बाईंना दाखवलं तर त्या लाल पेन बाहेर काढतील. नामं इंग्रजी, क्रियापदं आणि विभक्ती मराठी, आणि शेवटचा प्रश्न चक्क हिंदी! तरीपण सगळ्यांना समजलं.

सगळ्यांना? खरंच सगळ्यांना? हा 'सगळ्यांना' शब्दच या लेखाचा विषय आहे.

मिश्रण आणि मिश्रधातू

'बहुसांस्कृतिकता' हा शब्द कानावर पडला की झोप येते, हे मान्य. पण कल्पना आपल्या रोजच्या बघण्यातली आहे. मेसमधलं कप्प्यांचं ताट डोळ्यांसमोर आणा. भात वेगळा, भाजी वेगळी, वरण वेगळं. सगळे एका ताटात, पण आपापल्या कप्प्यात. वेगवेगळ्या भाषा, धर्म, प्रांत यांची माणसं एकमेकांना त्रास न देता शेजारी शेजारी राहतात, ती ही अवस्था. ती वाईट नाही. पण तेवढीच नाही.

दुसरी अवस्था म्हणजे संकर. मेटलर्जीत आपण शिकतो, तांबं आणि जस्त एकत्र वितळवलं की पितळ होतं. पितळेचे गुण ना निव्वळ तांब्याचे, ना निव्वळ जस्ताचे. ते तिसरंच काहीतरी असतं, आणि कित्येक कामांना मूळच्या दोन्हींपेक्षा सोयीचं. संस्कृतीचंही असंच होतं, असं सांगणाऱ्या अभ्यासकांत एक मोठं नाव आहे होमी भाभा. थांबा, गोंधळू नका! आपल्या अणुऊर्जेचे जनक ते डॉ. होमी जहांगीर भाभा. हे दुसरे, होमी के. भाभा. हेही मुंबईचेच, पारशी घरातले, जन्म १९४९ चा. 'द लोकेशन ऑफ कल्चर' हे त्यांचं पुस्तक १९९४ साली आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, दोन संस्कृती भेटतात तेव्हा एक जिंकते आणि दुसरी हरते असं सरळ काही होत नाही. दोघींच्या मध्ये एक तिसरी जागा तयार होते, आणि नवं जे काही घडतं ते तिथे घडतं.

माझं म्हणणं इतकंच आहे की आपला वर्ग ही अशी तिसरी जागा आहे. फक्त आपण ती कागदावर मान्य करत नाही, आणि त्याची किंमत काही ठरावीक मुलांनाच मोजावी लागते.

वर्कशॉपच्या कपाटातले शब्द

"पण यामुळे भाषा बिघडते त्याचं काय?" हा प्रश्न लगेच येतो. तर मग आपल्या वर्कशॉपचं कपाट उघडून बघू या. बिजागरी आणि चावी हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. बाहेर बांधकामावर दिसणारं घमेलं तेच. काम सांगणारा मिस्त्रीही मूळचा पोर्तुगीज, आणि महिनाअखेरीस त्याला मिळणारा पगारसुद्धा! कपाटाची नोंदवही ठेवायची ती कागदावर, शाईने, दप्तरात. हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले. कैची आणि चाकू तुर्कीतून. घरून डब्यात येणारं तूप आणि आपण ज्यांना हाक मारतो ते अण्णा आणि अक्का कन्नडचे सोबती. आता सांगा, यातला कुठला शब्द तुम्हाला परका वाटतो?

भाषा स्वच्छ करण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले नाहीत असं नाही. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. महापौर, दिग्दर्शक, चित्रपट हे त्या चळवळीने दिलेले शब्द आज आपण सहज वापरतो. म्हणजे ते प्रयत्न वाया गेले नाहीत, भाषेत भरच पडली. पण त्याच वेळी अर्ज, हजेरी, वकील हेही जागचे हलले नाहीत. लोकांना जे सोयीचं वाटलं ते टिकलं, दोन्हीकडचं.

आणि ही वाहतूक एकेरी नाही बरं का. सिव्हिलवाल्यांनी आपली टेंडरं आणि स्पेसिफिकेशन्स आठवावीत. त्यात 'हार्ड मुरूम' आणि 'सॉफ्ट मुरूम' असे शब्द इंग्रजी वाक्यात बिनधास्त बसलेले असतात. 'के. टी. वेअर' मधलं के. टी. म्हणजे परीक्षेतली केटी नव्हे, कोल्हापूर टाइप! 'टीक' आणि 'कॉयर' हे शब्द इंग्रजीने मल्याळममधून घेतले, 'कॅटामरान' तमिळमधून. इंजिनिअरिंगची इंग्रजीसुद्धा पितळच आहे, शुद्ध तांबं नाही.

बाकावर कोण कोण बसलंय?

आता शब्द सोडून माणसांकडे येऊ. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तो वेगवेगळ्या राजवटींत वाढलेले प्रदेश जोडून. विदर्भ १९५६ पर्यंत हिंदी भाषकांबरोबर एका प्रांतात होता आणि नागपूर त्या प्रांताची राजधानी. म्हणून नागपूरच्या मित्राची मराठी हिंदीच्या अंगाने जाते, यात त्याचा आळस नाही, इतिहास आहे. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, सरकारी कामकाज उर्दूत. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र मुंबई इलाख्यात. हे सगळे एका वर्गात बसले की तिथे 'मराठी मुलं' अशी एक गोष्ट नसतेच. अनेक मराठ्या असतात.

त्यातही खोलात जा. सोलापूरला कापडाच्या धंद्यामुळे तेलुगू विणकर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाले. शेजारी कन्नड, गल्लीत उर्दू, शाळेत मराठी. तिथला मुलगा नाक्यापर्यंत जाईतो तीन भाषा बदलतो आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. नांदेडला गुरू गोविंदसिंगजींचं निधन १७०८ साली झालं. तेव्हापासूनच्या गुरुद्वाऱ्याच्या परिसरातली शीख घरं पंजाबीबरोबर मराठीही बोलतात. वसईकडे सामवेदी बोलणारे ख्रिस्ती आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायली ज्यूंनी तेलाचे घाणे चालवले. ते शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं, आणि त्यांनी आपल्या धर्मकथा मराठी कीर्तनातून सांगितल्या! धुळे-जळगावकडची अहिराणी २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली मराठीपासून वेगळी मोजली आहे, आणि त्या नावाखाली मोजलेले लोक अठरा लाखांच्या वर आहेत. 'बालभारती' तर आठ भाषांत पाठ्यपुस्तकं काढते : मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगू. म्हणजे आपल्याच राज्याच्या शाळांतून आलेली मुलंसुद्धा आठ वेगळ्या वाटांनी बाकापर्यंत पोचू शकतात.

यात बाहेरच्या राज्यांतली मुलं मिळवा. जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या मुलांना देशभरच्या कॉलेजांत पाठवणारी पंतप्रधान विशेष शिष्यवृत्ती योजना २०११ पासून आहे आणि एआयसीटीई ती राबवते. त्यातून आलेल्या मुलाला इथे उतरल्यावर एकाच वेळी तीन गोष्टी शिकाव्या लागतात : थर्मोडायनॅमिक्स, मराठी आणि मेसची आमटी!

सांगायचा मुद्दा हा की 'शुद्ध' संस्कृती घेऊन कोणीच आलेलं नाही. प्रत्येकजण घरूनच मिश्रधातू होऊन आलाय. मग वर्गात अडतं कुठे?

गप्प बसणाऱ्यांचं काय?

अडतं ते प्रश्न विचारण्यापाशी. "एनी डाउट्स?" असं सर विचारतात तेव्हा काय होतं? शांतता. ही शांतता सगळं समजल्याची नसते, हे सरांना माहीत असतं आणि आपल्यालाही.

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेल्या एखाद्या विद्यार्थिनीच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललेलं असतं ते बघा. समजा शंका आहे करंटबद्दल. एक काम म्हणजे शंका नेमकी काय आहे ते स्वतःशी स्पष्ट करणं. दुसरं काम म्हणजे त्याचं इंग्रजी वाक्य बनवणं. 'डज' की 'डू', 'इज फ्लोइंग' की 'फ्लोज'? तिसरं काम म्हणजे वाक्य चुकलं तर मागून कोण हसेल याचा हिशोब. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला यातलं पहिलंच काम करायचं असतं. हिची तिन्ही कामं पूर्ण होईपर्यंत सर फळा पुसून पुढच्या टॉपिकवर गेलेले असतात. मग शंका राहते ती राहतेच. ती सेमिस्टरच्या शेवटी केटी होऊन भेटते, आणि आपण म्हणतो, "पोरीचं बेसिकच कच्चं आहे." अरे, बेसिक कच्चं नव्हतं, बेसिक विचारायला तोंड उघडता आलं नव्हतं!

गंमत म्हणजे तिच्याकडे जे असतं ते पुष्कळदा आपल्याकडे नसतं. 'आयसोसेलिस' हा शब्द आपण घोकून पाठ केला. तिच्या पुस्तकात होता 'समद्विभुज', म्हणजे दोन भुजा समान. व्याख्या शब्दातच आली! 'पोटेन्शियल डिफरन्स' ला ती 'विभवांतर' शिकलीय, म्हणजे दोन बिंदूंच्या विभवांतलं अंतर. ज्याला हे उमगलं तो "या एका पॉइंटचा पोटेन्शियल डिफरन्स किती?" असा प्रश्न कधी विचारणार नाही. पण फर्स्ट इयरला आल्या आल्या ती हे सगळे शब्द ट्रंकेत घालून कुलूप लावते, कारण इथे ते चालत नाहीत असं तिला कोणी न सांगता कळतं.

आणि मग ते 'ण' आणि 'न' चं प्रकरण. कोणी "पानी" म्हटलं, "लोनी" म्हटलं की हॉस्टेलमध्ये पिकतं. महिनाभर नक्कल चालते. बघा हं, दिल्लीचा रूमी "पानी" म्हणतो तेव्हा कोणी हसत नाही. ती हिंदी! तोच उच्चार आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यातून आला की तो गावंढळ. शिवाय मूळ शोधायला गेलं तर संस्कृत शब्द आहे 'पानीय', आणि लोण्याचं 'नवनीत'. दोन्हीत 'न' च आहे! तेव्हा शुद्धतेच्या नावाखाली आपण हसतो ते व्याकरणाला नाही, माणसाच्या घराला हसतो. विदर्भातला 'मले-तुले' आणि मालवणचा 'माका-तुका' यांचंही तेच. ज्याच्या बोलण्यावर पहिल्या महिन्यात हसलं गेलं, तो चौथ्या वर्षाच्या सेमिनारला स्टेजवर का चढत नाही, याचं उत्तर शोधायला मानसशास्त्र लागत नाही.

मग सगळं मराठीत करायचं का?

हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. आणि हा प्रयोग नवा नाही. १८२३ साली मुंबईत कॅप्टन जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली इंजिनिअरिंगचं शिक्षण सुरू झालं ते मराठी आणि गुजरातीतून, आणि त्यासाठी गणिताची पुस्तकं मराठीत केली गेली. हे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची सुरुवात होण्याच्या, म्हणजे १८५४ च्या, तीस वर्षं आधी! अलीकडे २०२१ मध्ये आठ राज्यांतल्या चौदा कॉलेजांत मराठीसह पाच भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग सुरू करण्याचं जाहीर झालं. त्याच वर्षापासून जेईई मेन तेरा भाषांत होऊ लागली. ही दारं उघडली हे चांगलंच झालं.

पण एक जुनं उदाहरण इथे डोळे उघडणारं आहे. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झालं आणि तिथे माध्यम ठेवलं उर्दू. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण, ही त्या काळी फार धाडसाची गोष्ट होती. १९१७ पासूनच भाषांतराचं स्वतंत्र खातं कामाला लागलं, शास्त्राच्या परिभाषा तयार झाल्या, पुस्तकं छापली गेली. १९२९ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. इंग्रजीशिवाय विज्ञान शिकवता येतं हे त्यांनी करून दाखवलं.

पण राज्यातले बहुसंख्य लोक बोलत होते तेलुगू, मराठी आणि कन्नड! मराठवाड्यातल्या मुलाला इंग्रजीच्या जागी उर्दू आली, इतकाच फरक. भिंत तिथेच राहिली, फक्त तिचा रंग बदलला. भाषेबरोबर सत्ताही येते हेही तिथेच दिसलं. १९३८ साली हॉस्टेलमधल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आलं. त्यातल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. १९४८ नंतर उस्मानियाचं माध्यम इंग्रजीकडे वळलं.

यातून घ्यायचं काय? माध्यम 'आपलं' आहे की 'परकं', एवढाच प्रश्न नसतो. ते वर्गातल्या कोणाचं आहे आणि कोणाचं नाही, हा प्रश्न असतो. समजा उद्या आपल्या वर्गात सगळं ठणठणीत मराठीत झालं, तर आज गप्प बसणारी मुलगी बोलू लागेल. पण आज बोलणारा मणिपूरचा किंवा बारामुल्ल्याचा मुलगा गप्प होईल. आजही सर रंगात येऊन मराठीत किस्सा सांगतात, वर्ग खो-खो हसतो आणि तो एकटा आजूबाजूला बघत कसनुसं हसतो. तेव्हा त्याच्या बाजूने बघितलं तर आपणच 'इंग्रजी' झालेलो असतो.

दुसऱ्यांनी काय केलं?

या कोंडीतून बाहेर पडायचे दोन रस्ते इतरांनी करून बघितले आहेत.

पहिला वेल्सचा. ब्रिटनच्या या भागात वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषा नांदतात. तिथे केन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञाने १९९४ मध्ये एका पद्धतीची मांडणी केली. धडा एका भाषेत वाचायचा आणि उत्तर दुसऱ्या भाषेत लिहायचं. ऐकायला सोपं, पण त्यातली मेख बघा. इंग्रजी उतारा वाचून इंग्रजीतच उत्तर लिहायचं असेल, तर न समजतासुद्धा वाक्यं उचलून लिहिता येतात. (सबमिशनच्या आदल्या रात्री आपण दुसरं काय करतो?) पण इंग्रजीत वाचून मराठीत सांगायचं म्हटलं की कॉपी करताच येत नाही. आधी समजावं लागतं. दोन भाषांच्या मधली ती उडी हीच समजल्याची परीक्षा! इथे मिश्र भाषा म्हणजे नाइलाजाची सवलत नाही, ते शिकवण्याचं साधन झालं.

दुसरा रस्ता अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा. तिथे टूसानमध्ये मेक्सिकन कामगारांच्या वस्त्या आहेत. लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांनाच विद्यार्थ्यांच्या घरी पाठवलं, शिकवायला नाही, शिकायला! त्यांचा लेख १९९२ चा. घरांमध्ये शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, हिशोब असं ज्ञानाचं भांडारच सापडलं. एक मुलगा मेक्सिकन मिठाई विकतो असं कळल्यावर शिक्षिकेने मिठाई हाच वर्गाचा अभ्यासविषय केला, आणि एका विद्यार्थ्याच्या आईला ती कशी बनते ते शिकवायला वर्गात बोलावलं.

हे वाचून आपल्या हॉस्टेलकडे बघा. शेतकऱ्याच्या मुलाला सेंट्रिफ्युगल पंपाचं प्रायमिंग नवं आहे का? फूट व्हॉल्व्ह गळला की पाइपात पाणी ओतल्याशिवाय पंप पाणी उचलत नाही, हे त्याने बांधावर उभं राहून शंभरदा बघितलंय. फक्त त्याला 'प्रायमिंग' म्हणतात हे माहीत नव्हतं. डीपीवरचा एक फेज गेला की मोटार घुं-घुं करते आणि जळते. यालाच पुस्तकात 'सिंगल फेजिंग' म्हणतात. उरलेल्या फेजमधून जादा करंट ओढला जाऊन वाइंडिंग जळतं. रिवाइंडिंगचं बिल ज्याच्या वडिलांनी भरलंय त्याला हा टॉपिक विसरायला सांगा बघू! काळ्या रानातलं घर उन्हाळ्यात का तडकतं आणि पाया मुरूम लागेपर्यंत का खणायचा, हे गवंड्याच्या मुलाला सॉइल मेकॅनिक्सच्या आधीपासून ठाऊक असतं. मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागावर धोटा कसा फेकला जातो हे बघितलेल्या मुलाला कॅम आणि फॉलोअर वेगळे समजवावे लागत नाहीत. गुऱ्हाळावर काहिलीखाली चिपाडं जाळून रस आटवताना हीट ट्रान्सफर चालूच असतो.

हे सगळं ज्ञान बाकावर बसलेलं असतं, गप्प. कारण ते मराठीत, अहिराणीत, तेलुगूत असतं, आणि व्हायव्हामध्ये ते कोणी विचारत नाही.

आपण काय करू शकतो?

वर्षातून एकदा 'एथनिक डे' करायचा, फेटे आणि नऊवारीत फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नकला चालू, याला बहुसांस्कृतिकता म्हणत नाहीत. ते कप्प्यांचं ताटसुद्धा नाही, ताटाचा फोटो आहे! त्यापेक्षा काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१) समजवा कसंही, पण समारोप इंग्रजीत. सरांनी जरूर मिश्र भाषेत शिकवावं, पण टॉपिकच्या शेवटी दोन ओळी सोप्या इंग्रजीत फळ्यावर लिहाव्यात. मराठी मुलांना पेपरची भाषा मिळेल आणि बाहेरच्या मुलाला सुटलेला धागा.

२) शंका कुठल्याही भाषेत. सरांना ती भाषा येत नसेल तर शेजारचा भाषांतर करेल. भाषांतर करणाऱ्यालाही फायदाच, ती उडी त्यालाही मारावी लागते.

३) बॅचेस थोड्या ढवळा. रोल नंबर आडनावाप्रमाणे लागतात, म्हणून प्रॅक्टिकलला पाटलांची एक बॅच आणि शिंद्यांची एक बॅच होते. तीन वर्षं तेच चेहरे! निदान मिनी प्रोजेक्टचे ग्रुप तरी वेगवेगळ्या भागांतली मुलं एकत्र आणून करावेत.

४) लॅबच्या भिंतीवर तीन रकान्यांचा तक्ता. इंग्रजी शब्द, पुस्तकी मराठी शब्द आणि कारागिराचा शब्द. 'ट्राय स्क्वेअर' म्हणजे गुण्या, 'प्लंब बॉब' म्हणजे ओळंबा, 'फाइल' म्हणजे कानस. आपले लॅब असिस्टंट काका हा तक्ता आपल्यापेक्षा चांगला भरतील, आणि तो त्यांनीच भरावा. चौथा रकाना रिकामा ठेवा, ज्याला आपली भाषा लिहायची तो लिहील.

५) हॉस्टेलमध्ये मॉक ओरल. आधी उत्तर स्वतःच्या भाषेत, मग तेच इंग्रजीत. सिनिअर्सनी आठवड्यातून एक रात्र दिली तरी पुष्कळ. उच्चारावर हसणाऱ्याने त्या रात्रीचा चहा पाजायचा!

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. याचा अर्थ इंग्रजी टाळायची असा मुळीच नाही. डेटाशीट इंग्रजीत येते, कोड इंग्रजीत लिहिला जातो, आणि नोकरीत आपल्याला बंगळूरू किंवा बर्लिनच्या माणसाशी बोलायचं असतं. इंग्रजी आलीच पाहिजे. प्रश्न आहे तो तिथवर पोचायच्या जिन्याचा. ज्याच्या घरात तो जिना होता तो चढून गेला. ज्याच्या घरात नव्हता त्याला आपण खालूनच सांगतो, "वर ये, मग बोलू." त्याची बोली, त्याचं शाळेतलं 'विभवांतर', त्याच्या बापाची जळालेली मोटार, याच त्या जिन्याच्या पायऱ्या आहेत. त्या आपणच काढून टाकायच्या आणि वर म्हणायचं, पोरगं चढत नाही!

तर मंडळी, आपल्या वर्गाची भाषा प्रॉस्पेक्टस ठरवत नाही. वर्गात कोणाला तोंड उघडता येतं यावरून ती ठरते, आणि ते बऱ्याच अंशी तुमच्या-आमच्या हातात आहे. सुरुवात फार अवघड नाही. उद्याच्या प्रॅक्टिकलला शेजारच्याला, मग तो गडचिरोलीचा असो नाहीतर गुवाहाटीचा, टेबलावरची एखादी वस्तू दाखवून एवढंच विचारा : "तुमच्याकडे याला काय म्हणतात रे?"